कावूनवाली डॉक्टरीण

चष्मा कपाळावर ढकलायचा, समोरच्या बाईचं मनगट हातात घ्यायचं आणि एकच शब्द बोलायचा, "कावून?" मग तोच चष्मा टेबलाखाली, पर्समध्ये, पेशंटच्या मांडीवर शोधत बसायचं. चौसाळ्यात आलेल्या या डॉक्टरणीनं आपण मूळच्या कुठल्या ते सांगितलं होतं, पण आम्ही विश्वास ठेवला नाही. आमची बोली तिला येत नव्हती. हा एक शब्द तेवढा तिनं पहिल्याच आठवड्यात उचलला आणि साऱ्या गावावर उगारला.

आता तुम्हीच सांगा, डॉक्टरनं 'का' विचारायचं असतं का? डॉक्टरनं सांगायचं असतं. बाई म्हणायची, "सलाईन लावा." ही म्हणायची, "कावून?" बाई म्हणायची, "पिशवी काढायची हाय." ही म्हणायची, "कावून?" पिशवी म्हणजे गर्भपिशवी. आमच्या भागात नुसतं 'पिशवी' म्हटलं तरी पुरतं. कंबर दुखते, अंगावरून जातं, पाळीचा त्रास आहे, सगळ्यावर इलाज एकच, पिशवी काढून मोकळं व्हा. आणि ही म्हणायची, "राहू द्या की, आधी बघू."

संशय येणारच. कुणी म्हणालं, हिला ऑपरेशन येत नाही. कुणी म्हणालं, ही सरकारी माणूस, घरोघरच्या पिशव्या मोजायला आलीय. गावच्या पुढाऱ्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, बाई जिल्हा परिषदेला उभी राहणार.

माझा संशय सगळ्यांत भारी, कारण ती माझी भाडेकरू. आम्ही मनियार, बांगड्यांचं दुकान पिढ्यान्‌पिढ्यांचं. हायवेवर चांगले गाळे रिकामे असताना तिनं आमच्या दुकानामागची खोली मागितली. वर म्हणाली, दुकानातून खोलीत एक दार काढून द्या.

"दार कावून?" मी तिचाच शब्द तिला मारला.

"भाभी, बाई दवाखान्यात निघाली की गाव विचारतं, काय झालं. बांगड्या भरायला निघाली तर कोण विचारतं?"

उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तर देणाऱ्यांचा मला जास्तच संशय येतो. दार काढलं, त्याला फुलाफुलांचा पडदा लावला आणि पडद्याला खेटून माझं स्टूल ठेवलं.

त्यात रोज दुकान झाकायच्या वेळी ती डोकं बाहेर काढून विचारायची, "भाभी, आज कुणाची काकणं उतरवली?" बघा हां, भरली कुणाची असं नाही, उतरवली कुणाची. मी घरी गेले आणि माझ्या सोन्याच्या पाटल्या पिठाच्या डब्यात लपवल्या.

ती काय शोधत होती, ते मला एका सासू-सुनेमुळं कळलं. सासू दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "भाभी, हिची काकणं उतरवा. परवा पिशवी काढायची हाय. ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघायच्या आत उरकून घ्यायचं, फडात पाळीचा खाडा नको." सून तिशीचीही नव्हती. माझ्याकडं न बघता तिनं हात पुढं केला.

ऑपरेशनला हात मोकळे लागतात. पण नवरा जिवंत असताना काच फोडायची नाही, म्हणून काकण अख्खं उतरवायचं. ते काम मनियाराचं. म्हणजे कुणाची पिशवी निघणार, हे आधी माझ्या साबणाच्या पाण्याला कळायचं. डॉक्टरणीला हायवेवरचा गाळा नकोच होता. तिला माझं स्टूल हवं होतं.

मी सुनेचा हात साबणानं मळायला घेतला. हात गार पडला होता. तिनं हळूच विचारलं, "भाभी, काढल्यावर कंबर दुखायची थांबती का?"

"थांबती की," सासू म्हणाली. "माझी काढलीच की. काय झालं मला?" हे बोलताना तिचा एक हात स्वतःच्या कंबरेवर होता आणि दुसरा भिंतीला. मी त्या दोन्ही हातांकडं बघितलं.

"कावून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय कावून?"

"अवो मावशी, पोरीचा हात सुजलाय. काकणं निघायची न्हाईत." हात अजिबात सुजलेला नव्हता.

"साबण लावा की अजून."

"लावला. फोडू का?"

सासूनं कानांवर हात ठेवले. "माझं लेकरू जित्तं हाय, अन् फोडू म्हणती."

"मंग आठ दिवस दम धरा. तवर मापाची दुसरी बघून देते. चल गं आत." आणि पोरीला मी पडद्यामागं ढकललं.

आतून चष्मा पडल्याचा आवाज आला, मग "कावून?" आणि मग ती पोर बोलायला लागली ती थांबेचना. सासूला मी चहा पाजला.

"मापाला एवढा येळ?"

"नाजूक हात हाय, मावशी."

निघालं काय, तर आत जंतूंची बाधा. गोळ्यांनी बरी होणारी. पण गोळ्या नवऱ्यालाही घ्यायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन गुरगुरला, "दुखणं बाईचं, अन् गोळ्या मला कावून?" डॉक्टरीण इतकी खूश झाली की तिनं त्याला खुर्ची दिली. अर्ध्या तासानं तो मान खाली घालून, गोळ्यांचं पाकीट खिशात कोंबत बाहेर आला.

टोळी निघाली तेव्हा ती पोर ट्रॅक्टरवरून हात हलवत गेली. हातात हिरवी काकणं खणखणत होती आणि पिशवी जागच्या जागी होती. आठवड्यानं सासू एकटीच आली. "माझं बी माप घ्या," म्हणाली, आणि पडद्याकडं बघत राहिली.

पाटल्या मी डब्यातून काढल्या. नक्षीत पीठ बसलं होतं.

मग एक दिवस डॉक्टरणीनं खोली सोडली. कुठं चाललात म्हटलं तर हसली. महिन्याभरात नांदूरघाटच्या एका बांगडीवालीचा फोन आला. "भाभी, एक डॉक्टरीण दुकानामागची खोली मागती. वर भिंतीत दार काढा म्हणती. बाई सरळ हाय का?"

"बिल्कुल न्हाई," मी म्हटलं. "दार काढून दे."

माझ्या दुकानातला पडदा अजून आहे, मागं रिकामी खोली. कुणी काकणं उतरवायला आली की मी मनगट धरते, साबण लावते आणि सांगते, माझ्याच्यानं निघत न्हाईत, नांदूरघाटला जा, तिथं लई अलगद उतरवतात. आमचे हे गल्ल्यावरून संशयानं बघतात.

"अपने गिराईक नांदूरघाटकू भेजती? कायकू?"

मला चष्मा नाही, तरी हात कपाळाकडं जातोच.