चोरओटी

पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनीला पुन्हापुन्हा बजावलं होतं: दर महिन्याला तपासणी करायची आणि वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पहिल्या खेपेला तिच्या पोटात बाळ धरलंच नव्हतं, नुसते पाण्याचे फोड वाढले होते. ते काढल्यावर मागे कॅन्सर उरला. केमोची इंजेक्शनं घेऊन ती घरी आली, डोक्यावर बोटभर नवे केस आले. आईपुढे कॅन्सर हा शब्द काढायचा नाही, असं दादाने ठरवलं होतं. म्हणून आई सगळ्यांना सांगायची, "अंगात उष्णता व्हती, गेली."

दर महिन्याची ती तपासणी म्हणजे दिवस गेल्याचं बघायचीच रक्ताची तपासणी; दुखणं उलटलं तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येणार आणि दिवस गेले तरी पॉझिटिव्हच, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. त्या महिन्याला आई तिच्यासोबत घोडेगावला गेली होती; तिथल्या लॅबवाल्याला ते कुठून माहीत असणार? "आजी, पेढे पायजेत," म्हणत त्याने रिपोर्ट आईच्या हातात दिला. त्याचा दोष नव्हता, पण मला त्याचा अजून राग येतो.

आई हरखून गेली. इतक्यात कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणून दार लोटून घरातल्या घरात चोरओटी भरायची तिने तयारी केली. मी वहिनीला परसात गाठलं. ती भांडी घासत होती.

"वहिनी, खरंच?"

"न्हाई, वन्सं. डॉक्टरनं सांगितल्यापास्नं आमी येगळं झोपतो. दुखणं परत आलंय."

"मग आईला सांगा की!"

"सकाळच्या गाडीनं पुन्याला जातेच हाय मी. आजच्या दिस खूस ऱ्हाऊ द्या आत्याबाईंना."

आणि ती पाटावर जाऊन बसली. आईने हिरवा खण, तांदूळ, नारळ तिच्या पदरात घातला. वहिनी हसली, वाकून पाया पडली. मला काही ते बघवेना.

या खेपेला केमो लागू पडली नाही. औषधं बदलून पाहिली, केस पुन्हा गेले, फुप्फुसात गाठी झाल्या. शेवटी डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. तेव्हा दादाने आईला सगळं सांगितलं.

वहिनी सवाष्ण गेली, म्हणून शेवटची ओटी भरायची होती. खण शोधायला आईने तिची पेटी उघडली. वरच तो हिरवा खण होता, न शिवलेला, घडीत तांदळाचे दाणे अडकलेले.

तो घेऊन आई तिच्याशेजारी बसली. "ठावं व्हतं गं तुला," ती म्हणाली, "आन् तरी माझ्यापुढं पदर पसरलास." मग तिने तोच खण वहिनीच्या ओटीत घातला.