कॅब रद्द करायची राहिली

भीती वाटायची ती दोन्हीकडून. टायपिस्ट म्हणून लागलेली मी. कॉम्प्युटर आले तेव्हा ऑफिस सुटल्यावर मागे थांबून, चुकतमाकत प्रोग्रॅमिंग शिकले. डिग्री नाही, काही नाही. तरी हिंजवडीतल्या कंपनीत मोठ्या पगारावर पोचले. पण पन्नाशी ओलांडली आणि फोन वाजला की हात गार पडायला लागले. तिकडे अमेरिकेत काही अडलं की इकडे माझा फोन! डॉक्टर म्हणाले, "बीपी असंच राहिलं तर गोळ्यांच्या हाताबाहेर जाईल. नोकरी सोडता येते का बघा."

सोडता येते हो, पण परत आत कोण घेणार, बिनडिग्रीच्या बाईला? एकदा बाहेर म्हणजे बाहेरच.

मग मी युक्ती काढली. आठवडाभर रजा घ्यायची आणि निवृत्त झाल्यासारखं राहून बघायचं. रंगीत तालीमच म्हणा ना. हे आधीच निवृत्त झालेले. म्हणाले, "रहा की. फक्त गॅलरीतली खुर्ची माझी आहे."

सोमवारी सकाळी चहा घेत होते, तर खाली हॉर्न. कंपनीची कॅब! ती रद्द करायचीच राहिली होती. गाऊनवर ओढणी घेतली आणि ड्रायव्हरला 'आज नको' सांगायला खाली उतरले. त्यानं रोजच्यासारखं दार उघडलं, आणि बसले की हो मी! विश्रांतवाडीचा चौक मागे गेला, तरी डोक्यात कामंच.

खडकीला आमच्या ऑफिसमधली एक मुलगी चढली. माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, तुम्ही... बरं आहे ना सगळं?"

मी खाली पाहिलं. गाऊन, पायात बाथरूमच्या सपाता. हसू यायला हवं होतं, नाही आलं. छातीत इतकं धडधडायला लागलं, की ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. मला न विचारता माझं शरीर कामावर निघालं होतं. असंच एक दिवस मला न विचारता बंद पडलं तर?

रिक्षानं घरी आले. पर्स नव्हतीच, भाडं द्यायला हे खाली आले. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "ऑफिस लवकर सुटलं वाटतं."

वर येऊन कॅबवाल्यांना फोन लावला.

"कधीपर्यंत रद्द करायची, मॅडम?"

'आठवडाभर' एवढंच म्हणायचं होतं. यांच्याकडे पाहिलं. हे पेपर घेऊन उभे होते, वाचत नव्हते.

"कायमची," मी म्हणाले. "साहेबांना मी आजच कळवते."

फोन ठेवला. यांनी आतून दुसरी खुर्ची ओढत गॅलरीत नेली. मी बसले. तेवढ्यात खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि मी ताडकन उठून उभी राहिले.

"बस," हे म्हणाले. "आपली नाही ती."