वेणीतला माईक

माझी आत्या धवलारीण. पेणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या आमच्या गावांत भटजी उशिरा आला तर कुणी फारसं मनावर घेत नाही, पण धवलारीण आली नाही तर हळदीची वाटीसुद्धा जागची हलत नाही. ती नवरा-नवरीच्या पाटाशी बसते आणि धवला गाते. गणपतीला, गावदेवीला, खाडीला, शेताच्या बांधाला, दारच्या आंब्याला, सगळ्यांना नावानिशी लग्नाचं आवतण देते. आवतण पोचल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं आत्यानं अशी पार पाडली. त्यात माझंही.

आणि यातल्या एकाही लग्नाच्या व्हिडिओत तिचा आवाज नाही.

व्हिडिओवाल्यांची ही कॅसेटच्या जमान्यापासूनची रीत. चित्र लग्नाचं, आवाज सिनेमाचा. नवरीला हळद लागली की एक गाणं, पाठवणीला दुसरं, जेवणावळीला तिसरं. आत्या पाटाशेजारी बसत असल्यामुळे चित्रात हमखास यायची. डोळे मिटलेले, तोंड पुरतं उघडलेलं, हात आवतण देतोय, आणि ऐकू येतंय काय, तर मुंबईच्या स्टुडिओतली कुणी नाजूक बाई प्रेमाची कबुली देतेय. आम्ही सगळे हसायचो. आत्याही हसायची. एकदा मात्र भाकऱ्या थापता थापता ती माझ्या बायकोला म्हणाली, "मी मेल्यावर पोरा माजी शीडी टीवीवर लावतील गो. तोंड दिसंल माजा, नि आवाज आयकतील त्या बाईचा."

बायकोनं ते मला रोह्याला परत येताना एसटीत सांगितलं.

पुढच्याच उन्हाळ्यात आत्याच्या नातीचं लग्न ठरलं आणि आत्यानं जाहीर केलं की अख्खा धवला आता हा शेवटचा. दम पुरत नाही. यापुढे कुणी बोलावलंच तर दोन-चार कडवी, मानापुरती. म्हणजे तिचा आवाज धरायचा तर हे एकच लग्न हाताशी होतं. मी व्हिडिओवाल्याला गाठून सांगितलं, बाबा रे, आजीचं गाणं नीट घे.

तो म्हणाला, "काळजीच नको काका. आजीच्या गाण्यावर एकदम मस्त गाणं टाकतो."

त्या दिवशी जेवताना मी घरात सांगून टाकलं, "शूटिंग मी करणार."

बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या बारशाच्या फोटोत अजून तुमचा अंगठा आहे."

अंगठ्याकडे मी दुर्लक्ष केलं. कंपनीत मी व्हॉल्व्ह आणि पंप सांभाळतो, एक कॅमेरा काय जड आहे? पुढचा महिनाभर अष्टमीच्या पुलावरून शिफ्टला जाता-येता माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कँटीनमध्ये तर मी ज्ञानकोशच झालो होतो. सेन्सर मोठा हवा की छोटा, लेन्सचं तोंड किती उघडायला हवं, हात थरथरला तर कॅमेरा सावरतो की नाही, हे मी वरणभातावर लोकांना समजावायचो. लोक माझ्या टेबलावर बसेनासे झाले, हे मला फार उशिरा कळलं.

पेणच्या बाजारातल्या दुकानात कॅमेरा घेतला आणि त्याच्यासोबत एक लेन्स घेतली. लेन्स कसली, दुधी भोपळा होता. लांबचं जवळ आणणारी. दुकानातूनच मी समोरच्या रस्त्यापलीकडच्या टपरीवरच्या माणसाच्या मिश्या मोजल्या आणि तिथंच माझा निकाल लागला. दुकानदार म्हणाला, "आवाजाचं काय करताय?"

मी म्हणालो, "कॅमेऱ्याला माईक असतोच की."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून लगेच बिल फाडलं.

रंगीत तालमीला कोलाडजवळ आमच्याच नात्यातली एक हळद मिळाली. आत्याला तिथं बोलावणं होतंच. दुधी भोपळ्यातून जवळचं काही दिसत नसल्यामुळे मी अंगणाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा राहिलो. चित्र काय आलं म्हणून सांगू. आत्याच्या कपाळावरची एकेक आठी, नथीतला मोती, मागची माणसं धुकं होऊन विरघळलेली. मी स्वतःवरच खूश झालो आणि तसाच पेणच्या गाडीत बसून आत्याकडे पोचलो. दुपारी टीव्हीला वायर जोडली. आत्या समोर, शेजारपाजारच्या बायका मागे.

चित्र लागलं. बायका म्हणाल्या, अगो बाई, किती साफ. मग आवाज आला. पहिल्यांदा मांडवातल्या वाजंत्र्यांचा बेंजो. मग जनरेटर. आणि या दोघांच्या वर, अगदी कानाशी बोलावं तसा स्वच्छ, मी. "सरक. जरा सरक की. हां. आता झूम. अरे कोण हे टक्कल मध्ये आलं? मावशी, खाली बसा. ह्या, गेलं." माईक कॅमेऱ्यात आणि कॅमेरा माझ्या तोंडाशी, म्हणजे सगळ्यात जवळचा गायक मीच. चित्रात आत्या डोळे मिटून गावदेवीला आवतण देतेय आणि तिच्या मुखातून माझा आवाज टकलाला बाजूला हो म्हणतोय.

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. आत्या शांतपणे म्हणाली, "बाईचा आवाज तरी बरा व्हता रं."

त्यावर मला हसू आलं नाही. लग्न तोंडावर आलं होतं आणि मी तिला त्या नाजूक बाईच्याही खालच्या पायरीवर आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पेणच्या दुकानात भोपळा परत. दुकानदारानं काही टोमणा मारला नाही, म्हणजे मनात मारला असणार. भोपळ्याच्या बदल्यात मी एक साधी, बुटकी लेन्स घेतली. तिला लांबचं काही दिसत नाही, पण खोलीत पाटाशेजारी बसून घेतलं तर अख्खी खोली मावते, आणि अंधाऱ्या माजघरातही चित्र काळं पडत नाही. आणि उरलेलं सगळं आवाजावर. शर्टाला लावतात तो हरभऱ्याएवढा माईक आणि त्याची वायर जोडायला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा रेकॉर्डर. बिनवायरचाही माईक मिळत होता. पण बेंजोवाल्यांकडे तसलेच असतात, आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या यंत्रात शिरतो असं कळलं. आत्याच्या तोंडी बाई झाली, मी झालो, आता बेंजोवाला नको.

पुन्हा तालीम, या वेळी आत्याच्याच ओटीवर. माईक पदराला, छातीशी लावला. आत्यानं चार ओळी म्हटल्या. ऐकलं तर आवाज होता, पण त्यावर सतत भांड्यांचं दुकान कोसळत होतं. गळ्यात मंगळसूत्र, पुतळ्यांची माळ, हातात कोपरापर्यंत चुडा, आणि आवतण द्यायला हात उचलला की सगळं मिळून माईकवर.

मी म्हणालो, "आत्या, तेवढा वेळ माळ काढून ठेवायची का?"

"नातीच्या लग्नात लंकेची पार्वती बसू? तुजा ता बटन काड, माळ नाय निगायची."

मग वाऱ्याचंही होतं. खाडीवरून दुपारचा वारा सुटला की ओटीवर माईकला नुसतं घूं घूं ऐकू यायचं. मी बटण गळ्याशी लावून पाहिलं, खांद्याला लावून पाहिलं. आत्या वैतागली. "मना काय दिष्टीची बावली समाजलास?" मी हातात वायर धरून उभा. तेवढ्यात बायको आतून चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, लग्नात वेणी माळणार ना तुम्ही?"

"मंग? अबोलीची."

बायकोनं माझ्या हातातून बटण काढून घेतलं. अंबाड्यापासून कानावरून कपाळाच्या कडेपर्यंत तिनं अबोलीची वेणी ओढून आणली आणि तिच्यात, कानाच्या थोडं पुढे, माईक बसवला. तिथं ना माळ पोचते, ना चुडा. वरून डोक्यावरचा पदर, म्हणजे वाराही अडला. वायर मानेमागून पाठीवरून खाली. आणि रेकॉर्डर? आत्यानं स्वतःच कमरेची चंची सोडून पुढे केली. पान, सुपारी, चुन्याची डबी, आणि त्यांच्यात माझं यंत्र. चार ओळी पुन्हा म्हटल्या. ऐकलं. आत्याचा आवाज असा आला की मागे बसलेली शेजारीण दचकून आत्याकडे बघायला लागली, आणि आत्या तर मिटल्या तोंडानं पान चघळत होती.

आता एकच भानगड उरली. आवाज एका यंत्रात, चित्र दुसऱ्यात. दोन्ही नंतर जुळवायचे, नाहीतर ओठ एकीकडे नि गाणं दुसरीकडे. त्याला उपाय सोपा असतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवायची, मग चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक ठेवायची. हे मी वाचलं होतं. आमच्याकडे टाळीला दुसरा अर्थ आहे, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

लग्नाचा दिवस. माजघर बायकांनी भरलेलं, नवरी पाटावर, प्रत्येकीच्या मुठीत तांदूळ. एकेका देवाचं नाव आलं की चार-चार दाणे टाकायचे, अशी रीत. मी पाटापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलो, दोन्ही यंत्रं चालू केली, दीर्घ श्वास घेतला आणि टाळी वाजवली.

सगळ्या मुठी एकदम उघडल्या. नवरी तांदळात बुडाली. बाहेर बेंजोवाल्यांनीही टाळी ऐकून जोरात धून धरली, कुणीतरी फटाकाही लावला. आत्या जागची हलली नाही. केसांतले तांदूळ झटकून म्हणाली, "लागला लगीन. नवरा यील सावकाश."

पुन्हा तांदूळ वाटले गेले, आणि मग आत्यानं डोळे मिटले.

त्यानंतर मी टाळी वाजवली नाही, बोललो नाही, नीट श्वासही घेतला नाही. बुटक्या लेन्समधून ती अगदी समोर होती. गणपती झाला, गावदेवी झाली. बाहेर बेंजो धडधडत होता, पण तिला त्याचं काही नव्हतं. खाडीला आवतण देऊन ती शेताच्या बांधाकडे वळली आणि तिचा दम तुटला. ती थांबली. बायका थांबल्या. तिचा हात कमरेशी गेला, चंचीत शिरला आणि आत चाचपायला लागला.

रेकॉर्डरवर बंद करायचं बटण नेमकं वरच होतं. ओरडावं तर माझा आवाज पुन्हा धवल्यात. आत्यानं चंचीतून लवंग काढली, तोंडात टाकली, आणि बांधापासून पुढे आवतण सुरू केलं, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. शेवटच्या देवापर्यंत ती कुठं थांबली नाही. मी मात्र त्या सगळ्या देवांना एकच मागणं मागत होतो.

धवला संपला तसा मी तिच्या चंचीवर झडपच घातली. रेकॉर्डरला चुना लागला होता. लाल दिवा चालू होता. मग आठवलं, यंत्र चालू केल्याबरोबर मी बाजूची एक छोटी कळ सरकवून सगळी बटणं कुलूपबंद केली होती. आयुष्यात एवढी एकच माहितीपुस्तिका मी शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि ती अशी कामाला आली. हे मी बायकोला लगेच सांगितलं. नंतरही बरेचदा सांगितलं.

लग्नानंतरच्या सत्यनारायणाला दुपारी ओटीवर टीव्ही आणून ठेवला. दोन्ही टाळ्या एकावर एक बसवल्या होत्या. त्या टाळीला सगळे हसले, आणि मग आत्याचा आवाज सुरू झाला आणि हसणं तिथंच थांबलं. बेंजो होता, पण लांब, कुणाच्या तरी दुसऱ्याच लग्नात वाजत असावा तसा. पुढे आत्या. तिचा श्वास, ओळ उचलताना घशात येणारी बारीक खरखर, सगळं. ओठ आणि आवाज एक.

आत्या उठली. टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मागच्यांना दिसेनासं झालं. बराच वेळ ती स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिली. दम तुटला ती जागा आली, लवंग आली, वरची पट्टी आली. मग ती मागे वळली.

"मी हीच हाय," ती म्हणाली. "परत लाव."

पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायच्या आधी मागून एक बाई म्हणाली, "माज्या लग्नातपन हिनाच गायला. माजी शीडी घरात हाय. तीत हा घालता यील काय?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. बायकोला कळलं. जुन्या शीडीत आत्याचे ओठ आहेत, आवाज नाही. आता आवाज आहे.

पुढच्या सुट्टीला मी पहिला प्रयोग आमच्याच लग्नावर केला. त्या नाजूक बाईला पुसून टाकलं आणि तिथं हा धवला ठेवला. सरकवत सरकवत गणपतीचं नाव आत्याच्या ओठांवर आणून बसवलं आणि सोडून दिलं. तरणी आत्या म्हाताऱ्या आवाजात गायला लागली, आणि कडव्यामागून कडवं ओठ जुळतच गेले. इतक्या वर्षांत तिची चाल एका श्वासानंही बदललेली नव्हती. लवंगेपाशी थोडं घसरलं, तेवढं मी कापून सांधलं.

आता शिफ्ट नसली की मी पेणची गाडी धरतो. खाडीकाठच्या घरांतून बायका पदराखाली झाकून शीड्या आणतात, कुणी कॅसेट आणते, आणि आत्याच्या ओटीवर एकेकीचं लग्न पुन्हा लागतं, या वेळी आवतणासकट. आत्या पहिल्या रांगेत बसून प्रत्येक लग्नाला हजर असते. आमचं लावलं त्या दिवशी तिनं माझ्या बायकोला शेजारी बसवून घेतलं. मुंडावळ्या बांधून पाटावर मान टाकून झोपलेला नवरदेव पडद्यावर आला तेव्हा तिनं माझ्या बायकोला कोपरानं ढोसलं.

"बग गो," ती म्हणाली. "मी याच्यासाटी सगल्या देवांना आवतन देतंय, नि हा घोरतंय."

बायको म्हणाली, "घोरण्याचा आवाज नाही आला, आत्या."

"ता पन घाल," आत्या मला म्हणाली, "तू आता तयार झालास."