मागचा स्क्रू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं — पण ती असती, तर हे घडलंच नसतं. तुम्ही म्हणाल, लागला बायकोच्या पदराआड लपायला! खरंय. तिला यात नको ओढायला.

मी मशीन दुरुस्त करतो. पुण्याच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवली आणि बायको गेल्यावर रत्नागिरीला परतलो. खोलीत मी, टीव्ही आणि दुपारी कुकरच्या शिट्ट्या. मुलगी ठाण्याला असते, रविवारी फोन करते. बाकीच्या दिवसांचं काय करायचं असतं माणसानं?

जवळच मिरजोळ्याला माझ्या ओळखीच्या तात्यांचं वर्कशॉप होतं. त्यात एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर धातू कापणारं, कुणाकडून तरी जुनं घेतलेलं. त्यावर ते मच्छीमार बोटींच्या पंपांची पितळी झाकणं करायचे. मशीनचं टेबल ज्या स्लाइडवर सरकतं, ती इथल्या खाऱ्या हवेत लवकर खराब होते, टेबल ढिलं पडतं. मग मला बोलावणं यायचं. मी स्लाइड पुसायचो, तेल घालायचो, मापाचा डायल लावून टेबल किती हलतंय ते बघायचो आणि बाजूची पाचरीसारखी पट्टी — तिला आम्ही गिब म्हणतो — ती कसायचो. काम थोडं, पण घर वर्कशॉपच्या मागेच. "आलायत तर जेवूनच जा हो, भाऊजी," वहिनी म्हणायच्या. बांगड्याचं तिखलं, भात आणि तात्यांच्या गप्पा. चार माणसांसारखं जेवण व्हायचं.

आता सांगतो. सांगायलाच बसलोय ना?

त्या गिबला दोन स्क्रू असतात. पुढचा पट्टीला आत ढकलतो, मागचा तिला जागेवर धरून ठेवतो. मागचा घट्ट केलाच नाही तर? त्या दिवशी सगळं ठीक दिसतं. मग काम चालता चालता पट्टी हळूहळू मागे येते आणि काही आठवड्यांत टेबल पुन्हा ढिलं. पुन्हा बोलावणं. पुन्हा बांगडे.

पहिल्यांदा मी तो स्क्रू विसरलो होतो. त्यानंतर दर वेळी मुद्दाम ढिला ठेवला. पैशासाठी नव्हे, ते तर मी घेतच नव्हतो — जेवायला बोलवावं म्हणून.

ढिल्या टेबलावर कापलेली झाकणं मापात बसेनात, गळायला लागली. बोटवाले ती परत आणून टाकायला लागले. मला वाटलं, तात्या मशीनला शिव्या घालतील, फार तर मला. पण माझ्यावर ते कसला संशय घेणार? त्यांनी तो स्वतःवर घेतला. जॉबचा झिरो, म्हणजे कापायची सुरुवात जिथून धरायची ती खूण, लावताना आपलीच नजर चुकते, असं त्यांच्या मनानं घेतलं. चष्मा बदलून झाला. मोजलेलं झाकण पुन्हा पुन्हा मोजू लागले. मग जेवताना बोलेनासे झाले, आणि मी समोर बसून भात कालवत राहिलो. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ना — मी तर वासेच पोखरत होतो.

का नाही सांगितलं? सांगायचीही गरज नव्हती. तो स्क्रू गुपचूप कसला असता तरी भागलं असतं. पण मशीन नीट चाललं असतं, तर मला कोण बोलावणार होतं?

शेवटी तात्यांनी मशीन विकायला काढलं. चिपळूणचं गिऱ्हाईक स्वतःचा कारागीर घेऊन येणार होतं. त्यानं डायल लावला तर माझं बिंग फुटेल, म्हणून मी सकाळीच जाऊन गिब नीट कसून ठेवली — दोन्ही स्क्रू. कारागिरानं झिरो लावला, एक झाकण काढलं. चोख उतरलं, अगदी मापात.

तात्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बघ, मी म्हणत नव्हतो? मशीनला काय पण झालेलं नाय. माझाच हात बाद झाला. होय ना रे?"

वहिनी दारात उभ्या होत्या. सांगायला वेळ होता, भरपूर होता.

"होय तात्या," मी म्हणालो. "वय झालं तुमचं."

ते झाकण खाली ठेवून हात धुवायला गेले. त्यानंतर त्यांनी कुठल्याच कामाला हात लावला नाही. साधी कानससुद्धा उचलली नाही.