एक खिळा सैल

नवरा परमुलखात गेला की बाईची किंमत वाढते. निदान आमच्या कसबा बावड्यात तरी वाढायची. "बिचारी, किती सोसती," म्हणत शेजारणी मला विहिरीवर पुढे सरकू द्यायच्या. तीच बाई नवऱ्याच्या मागोमाग निघाली की मात्र ती बिचारी राहत नाही. मग तिच्यासाठी जे शब्द निघतात ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या वाट्याला ते सगळे आले, एवढंच सांगते.

कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. माझे सासरे संस्थानच्या पागेत नालबंद होते, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारे. त्यांच्या हातचा नाल झिजेल पण पडणार नाही, असं पागेतले घोडे राखणारे मोतद्दार म्हणत, आणि सासरे ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. तीच विद्या त्यांनी थोरल्या मुलाला दिली. तो थोरला मुलगा म्हणजे आमचे मालक. नवऱ्याला आम्ही मालकच म्हणतो, नाव घ्यायची सोय नाही. छावणीतल्या कुणा गोऱ्या अंमलदारानं त्यांचं काम पाहिलं आणि दर्यापार एडनला, तिथल्या घोडदळात त्यांना लावून दिलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन वर्षांत येतो म्हणून गेले, तिसरं सरलं तरी पत्ता नाही. एखादा शिपाई रजेवर आला की दारात उभा राहून ओरडायचा, "बरं हाय म्हणून सांगा म्हनलाय!" कुणाला सांगा, ते नाही. घर भरलेलं होतं, आणि एवढ्याशा निरोपातून माझ्या वाट्याला कितीसा आला, याचा हिशेब मी चुलीपुढे बसून लावायची.

घरात आमची दखनी आणि मराठीची खिचडी. पण एक कायदा दोन्ही भाषांत सारखाच होता. चारचौघांत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. बोलायची वेळ आलीच तर मध्ये कुणालातरी घ्यायचं. पोर असेल तर पोर, नसेल तर दारात बांधलेलं शेळीचं शेरडू. "शेरडा, तिला म्हणावं पाणी आण." मीही शेरडालाच सांगायची की पाणी केव्हाच भरून ठेवलंय, डोळे असले तर दिसेल. सासूबाई हसू दाबायच्या. मालक गेले आणि त्या शेरडाला काही कामच उरलं नाही.

एकदा जात्यावर बसल्या बसल्या मी सासूबाईंना म्हटलं, "अम्मा, मला तिकडं जायचंय."

जातं थांबलं. "का गं? पोटाला कमी पडतंय व्हय हितं?"

"न्हाय."

"अंगाला कमी पडतंय?"

"न्हाय."

"मग?"

आता 'मग'चं उत्तर काय देणार? मी खाली मान घालून पीठ सारखं करत बसले, आणि तेच उत्तर झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आमच्याकडे एडनला येडन म्हणतात, त्यामुळे बायकांना जुळवाजुळव करायचेही कष्ट पडले नाहीत. "नवऱ्याच्या येडानं येडनला निघाली!" मी विहिरीवर गेले की कुणीतरी हमखास विचारायची, "काय गं, बोट आली का?" लाजेनं माझे कान तापायचे. पण खरं सांगू, मला जायचं होतंच. लाज वाटते म्हणून इच्छा कमी होत नाही, ती फक्त तोंड लपवते.

वाट दाखवली ती सासऱ्यांनी. लाइन बाजारापलीकडच्या साहेबांच्या बंगल्यांवरही ते नाल ठोकायला जायचे. एक दिवस भाकरी मोडता मोडता ते सासूबाईंना म्हणाले, पण आवाज माझ्यापर्यंत पोचेल एवढा ठेवून, "त्या उंच साहेबाची बदली झालीया, एडनला. म्हातारी आया काळं पाणी वलांडायला तयार न्हाय. पोरं सांभाळलेली बाई पायजे म्हनत्यात." लहानग्या दिरांना मीच न्हाऊमाखू घालत आले होते. दुसऱ्या दिवशी ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही बंगल्यावर गेलो. फाटकापाशी थांबून समोरच्या झाडाकडे बघत ते म्हणाले, "नवऱ्याचं काय बोलायचं न्हाय. नवऱ्यासाठी आलेली बाई पोराकडं काय बघनार, असं म्हनंल मडम."

मडमेनं विचारलंच. मी म्हटलं, लांब असतो. ते काही खोटं नव्हतं.

निघताना सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नालबंदाची सून गोऱ्याच्या पोराचं लंगोट धुनार." एका वाक्यात आशीर्वादही झाला आणि खरडपट्टीही.

एडनबद्दल लोक विचारतात तेव्हा मला सांगण्यासारखं फारसं नसतं. डोंगर जळके, झाडाचं पान दिसायचं नाही, पाणीसुद्धा विकतचं. आमचा बंगला बंदराकडच्या चढावर आणि घोडदळाच्या लायनी, म्हणजे शिपायांच्या बराकी, पार दुसरीकडे, रेतीत. कोल्हापुरात होते तेव्हा मध्ये समुद्र होता, इथे मडमेचं पोर होतं. आयाला सुट्टी नसते. ते पोर माझ्या कुशीवाचून झोपायचं नाही, आणि त्याला थोपटताना मी लायनींच्या दिशेनं बघत बसायची.

मग साहेबाच्या घोडीचे नाल बदलायचे निघाले आणि लायनीतून नालबंद आला.

मी ओसरीवर पोराला घेऊन उभी. मालक अंगणात घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसलेले. रोड झाले होते, काळे पडले होते. मी आल्याचं त्यांना कुणा शिपायाकडून कळलं असावं, कारण मान वर न करता ते घोडीलाच म्हणाले, "बरी हाईस न्हवं गं?"

साहेब तिथेच खुर्चीत चिरूट ओढत होता. मी पोराला म्हटलं, "बाळा, आमी बरं हाय की. पर लोकं वाळल्यात."

"घोडे, हितलं ऊन बाधतंय बग," मालक म्हणाले. "तू जेवत जा."

साहेबाला मराठी यायची नाही. आपल्या घोडीवर नालबंदाचा फार जीव आहे असं त्याला वाटलं आणि तो खूश झाला. आमचं सगळं बोलणं असं झालं. काम संपलं, मालकांनी हत्यारं गोळा केली आणि गेले. नाल एकदा ठोकला की महिना-सव्वा महिना बघावं लागत नाही. म्हणजे तेवढे दिवस आता काही नाही, हे मला नालबंदाच्या घरात राहून चांगलं ठाऊक होतं.

पण आठवडा झाला नाही तोच घोडीचा एक नाल खडखडायला लागला. मालक आले, ठोकून गेले. "घोडे, झोप लागती का?" "बाळा, लागती कवा कवा." पुढल्या आठवड्यात पुन्हा खडखड. तिसऱ्या खेपेला माझ्या ध्यानात आलं. नाल ठोकताना खिळ्याचं टोक खुरातून बाहेर येतं, ते वळवून घट्ट बसवायचं असतं. शेवटच्या खिळ्याचं टोक त्यांनी नुसतं दाबल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. ज्यांच्या हातचा नाल झिजेल पण पडणार नाही, त्या घरचा माणूस जाणूनबुजून कच्चं काम करत होता, आणि ते माझ्यासाठी.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. पोराच्या आडून एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मी बोलले नाही. मी आठवडे मोजू लागले.

साहेबाचा चेहरा दर खेपेला उतरत गेला. एका सकाळी सगळ्या गोऱ्या मंडळींबरोबर तो फेरफटक्याला गेला आणि भर रेतीत घोडीचा नाल गळून पडला. लगाम धरून, पायी, घामानं निथळत परत आला. मालकांना बोलावणं धाडलं. त्याच्या हिंदुस्थानीत जेवढ्या शिव्या होत्या तेवढ्या अंगणात दिल्या. "कोल्हापूर का नालबंद!" म्हणाला आणि थुंकला. मी ओसरीवर, कडेवर त्याचंच पोर. मालक खाली मान घालून उभे होते. मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. मी पोराच्या टोपड्यात तोंड लपवलं.

हात कच्चा आहे म्हणून त्यांना काढून टाकलं आणि पुढल्याच बोटीनं मुंबईला धाडलं. ज्यांच्यासाठी समुद्र ओलांडला ते कोल्हापुरात आणि मी एडनला, मडमेच्या पोराला थोपटत. नशिबानं अशी थट्टा केली की कुणाला सांगायचीही सोय नाही. सांगितलं तर लोक हसणार, आणि हसण्यासारखंच होतं ते. उन्हाळ्यात मडम विलायतेला निघाली, तेव्हा तिनं मला मुंबईच्या बोटीत बसवून दिलं.

घरी आले तर मालक भट्टीपाशी बसून भाता ओढत होते. भाता नवशिक्याच्या हाती देतात. ऐरण मधल्या दिराकडे होती. रजेवर आलेल्या शिपायांनी ती बातमी माझ्या आधीच गावात पोचवली होती आणि सासऱ्यांनी मुलाला पागेत पाऊल टाकू दिलं नव्हतं. मालकांनी बापाला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. मला बघून ते शेरडाला म्हणाले, "आली व्हय," आणि पुन्हा भाता ओढू लागले.

तसंच आणखी काही दिवस चाललं. मग एक दिवस पागेतले दोघे मोतद्दार एक घोडा घेऊन दारात आले. मधला दीर कुठेतरी गेला होता. एक मोतद्दार मालकांकडे बघून म्हणाला, "ह्यास्नी लावा की."

सासरे म्हणाले, "त्येच्या हातात नाल देऊ नगा. माझा पोरगा म्हनायची लाज वाटती मला."

मी उंबऱ्यात होते, डोईवर पदर, हातात घागर. सवयीनं मी आधी शेरडाकडेच वळले. "शेरडा," मी म्हटलं, "अब्बास्नी सांग..." हे शेरडाच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं. मी घागर खाली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांशी तोंडातोंडी बोलले.

"अब्बा, हात कच्चा न्हाय त्यांचा. खिळा मुद्दाम सैल ठेवत होते. मला बघायला यायला मिळावं म्हणून."

समोरच्या ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या बायकांचे हात थांबले. मोतद्दार एकमेकांकडे बघू लागले. सासरे मुलापुढे जाऊन उभे राहिले. मग मुलाला विचारलं, "किती खिळं?"

"एकच."

"कुठला?"

"मागल्या पायाचा. टाचंकडला, भायेरचा."

"म्हंजी खुराला धक्का न्हवता."

"न्हाय."

सासऱ्यांनी आपली हातोडी उचलली, मुलापुढे ठेवली आणि म्हणाले, "येडाच हाईस." मग पागोटं सारखं करत ते तिथून निघून गेले. सुनेच्या तोंडून असलं काही ऐकल्यावर त्यांनी तरी कुठं बसावं!

मालकांना पागेतलं काम मिळालं, पण मोतद्दारांनी काही सोडलं नाही. कुठल्याही घोड्याचा नाल जरा हलला की पागेत हाळी उठायची, "आज कुनाची आठवन आली रं?" पागा हसायची. कच्च्या हाताचा म्हणून ज्यांनी खाली मान घातली होती ते मालक आता बायकोवेडे म्हणून मान खाली घालू लागले. माझ्याशी बोलणं बंद झालं, शेरडाच्या आडूनसुद्धा. एकदा फक्त, परड्यात दुसरं कुणी नसताना म्हणाले, "हात कच्चा म्हनलेलं काम करून पुसलं असतं. हे कशानं पुसू?"

सगळ्यांच्या देखत मी का बोलले, ते पुढे माझं मलाच कळलं, आणि ते मालकांना कधी सांगता आलं नाही. त्यांचं नाव राखायला मी तोंड उघडलं हे खरं. पण बोलताना माझी नजर समोरच्या ओसरीकडे गेली होती. ज्या बायका मला येडी म्हणाल्या होत्या त्यांनी ऐकावं, की येड फक्त मलाच लागलं नव्हतं. त्या ऐकत होत्या आणि मला गोड वाटत होतं. त्या गोडव्याची लाज अजून गेलेली नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मालक भट्टीपाशी बसून म्हणाले, "शेरडा, पानी आन म्हनावं."

मी तांब्या भरून आणला, जवळ ठेवला आणि शेरडाला म्हटलं, "चुकलं म्हणावं माझं."

शेरडू पाल्यात तोंड घालून उभं होतं. समोर ओसरीवर बायका होत्याच. मालकांनी हातोडी ठेवली आणि शेरडाला टाळून सरळ माझ्याकडे बघितलं.

"चुकलं न्हाय," ते म्हणाले. "पर लई मोठ्यानं बोललीस."

दिवसाउजेडी, गल्लीच्या देखत ते माझ्याशी तोंडातोंडी बोलले ते तेवढंच. मी पदर पुढे ओढला आणि आत गेले.