पाळकसाहेबांचा चौथा पाठ

पाळकसाहेबांनी एकोणतीस वर्षांत तीनशे अठरा माणसं पाण्यात बुडवली आणि एकूण एक वर काढली. पहिल्याच वेळी एका उंचापुऱ्या खाटकाला गुडघे वाकवायला सांगायचं राहिलं होतं. त्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि पाय वर आले, पण तोही शेवटी सुखरूप निघाला. त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे तान्ह्या बाळाच्या कपाळावर चार थेंब शिंपडणं नव्हे. माणसाने कळत्या वयात, आपल्या पायांनी यायचं, सगळ्यांसमोर ‘माझा विश्वास आहे’ म्हणायचं आणि मग अख्खंच्या अख्खं पाण्याखाली जायचं. त्यासाठी उपासनागृहात व्यासपीठाच्या फळ्यांखाली छातीभर खोल हौद बांधलेला होता. एरवी त्यावर उभं राहून साहेब प्रवचन करायचे, आणि प्रवचन लांबलं की मागच्या बाकांवरच्या लोकांच्या मनात त्या फळ्यांविषयी नाही नाही ते विचार यायचे.

या तीनशे अठरांत एक नाव नव्हतं. ते होतं त्यांच्या बायकोचं.

तिला सगळी मंडळी नुसतं ‘बाई’ म्हणायची. बाईंचं माहेर शिंपडणाऱ्यांतलं. त्यांना तीन आठवड्यांच्या असताना पाणी लागलं होतं आणि त्या भोकाड पसरून रडल्या होत्या, एवढीच त्याबद्दलची माहिती, तीही आईकडून ऐकलेली. लग्न होऊन त्या इथे आल्याला एकोणतीस वर्षं झाली. तेव्हापासून ऑर्गन त्या वाजवत, रविवारच्या शाळेतली पोरं त्या सांभाळत, आणि फळ्यावर चिकटवायच्या चित्रांतला, योना संदेष्ट्याला तीन दिवस पोटात ठेवणारा मासा हरवला तेव्हा जुन्या सपातेचा तळ कापून नवा मासाही त्यांनीच केला. योना तीन दिवस एका चपलेत राहिला, अशी गावातल्या एका अख्ख्या पिढीची समजूत आहे.

पण नियम म्हणजे नियम. बुडाल्याशिवाय सभासद नाही, आणि सभासद असल्याशिवाय सभेत मत नाही. सभा भरली की बाई चहा करत. एकदा साखर कुणाकुणाला हवी हे विचारायला त्यांनी हात वर केला आणि चिटणीसांनी तो मतात मोजला. हॉलला नवे पडदे घ्यायचा ठराव एका मताने पास झाला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, फेरमोजणी झाली आणि ठराव पडला. हॉलच्या खिडक्या आजही उघड्याबोडक्या आहेत.

आता कुणी म्हणेल, घरात पाळक, दाराशी हौद, मग अडलं कुठे? अडलं होतं एका पुस्तकात. साहेब मुळात घड्याळजीचे चिरंजीव. कुठलीही गोष्ट सुटी करून तिचे भाग टेबलावर ओळीने मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती विश्वासाचेही असेच सात भाग केले आणि बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘सात शनिवार’ नावाचं राखाडी पुठ्ठ्याचं पुस्तक लिहिलं. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, लांबलांबच्या मंडळ्यांनी त्या मागवून नेल्या. त्यातला चौथा पाठ हा साहेबांचा जीव की प्राण. त्यात लिहिलं होतं: ‘कुणालाही आग्रह करू नये. विचारूही नये. ज्याने त्याने आपणहून यावं.’

हे छापून बसल्यावर लेखकाने स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन कुठल्या तोंडाने विचारायचं? साहेबांनी एकोणतीस वर्षं तो प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर गिळला. त्यांना त्याचं दुःख होतं, चांगलं खोलवर होतं. पण पाठ तो पाठ.

आणि आता ते निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या हातचा शेवटचा बाप्तिस्मा दोन महिन्यांनी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. त्यानंतर येणारा नवा पाळक सहा फुटी होता आणि कॉलेजात वजनं उचलायचा म्हणे. त्या वजनं उचलणाऱ्याच्या हातून एखाद दिवशी आपली बायको पाण्यातून वर येईल आणि आपण पहिल्या बाकावर टॉवेल घेऊन बसलेलो असू, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की साहेबांच्या घशाखाली बिस्किट उतरत नसे.

पहिल्या शनिवारी त्यांनी मागच्या खोलीत नेहमीप्रमाणे सात खुर्च्या मांडल्या. चार वाजले, सव्वाचार झाले, कुणी म्हणता कुणी नाही. तेवढ्यात बाई आल्या. पहिल्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून कोरी वही काढली, तारीख घातली आणि साहेबांकडे बघू लागल्या.

साहेबांना एका क्षणात सगळं समजलं. म्हणजे, चुकीचं समजलं. पण त्यांचीही बाजू ऐकायला हवी. रविवारच्या शाळेच्या नाटकात कुणी आजारी पडलं की बाई उभ्या राहात. दाविदाने गोफणीने पाडलेला धिप्पाड गल्याथ त्यांनी चारदा केला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी साहेब घरी सराव करत, तो बाईंवरच. साहेब चणीने एवढेसे, बाई त्यांच्याहून वीतभर उंच आणि अंगानेही भरलेल्या. हिला जो पेलेल तो कुणालाही पेलेल, असं त्यामागचं शास्त्र. स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून एक हात पाठीला, एक हात बाईंच्या हातावर, ‘श्वास रोख, मान सैल’ करत ते त्यांना मागे झुकवत आणि पुन्हा वर घेत. बाई तीनशे अठरा वेळा कोरड्या बुडाल्या होत्या. त्यांची मुलगी लहानपणी समजायची की शनिवारी सगळेच बाबा आईला असं करतात.

तेव्हा साहेबांना वाटलं, वर्ग रिकामा बघून आपली फजिती होऊ नये म्हणून बिचारी येऊन बसली. त्यांचं मन भरून आलं. त्यांनी खडू उचलला आणि पहिला पाठ सुरू केला.

दुसऱ्या शनिवारीही बाई आल्या, तिसऱ्याही. चौथ्या शनिवारी साहेबांनी चौथा पाठ शिकवला, अगदी रंगून. कुणालाही विचारू नये, हे त्यांनी समोरच्या एकुलत्या एक विद्यार्थिनीला तीन उदाहरणांसह पटवून दिलं. विद्यार्थिनीने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पेन्सिलीचं टोक मोडलं, इतक्या जोरात.

सहाव्या शनिवारी साक्ष द्यायची असते. आपण का आलो ते उमेदवाराने उभं राहून स्वतःच्या शब्दांत सांगायचं. बाई उभ्या राहिल्या.

“मी वडिलांच्या घरी विश्वासात जन्मले आणि लग्न करून विश्वासातच आले,” त्या म्हणाल्या. “त्यामुळे दारातून आत यायची वेळच आली नाही. मी कायम आतच होते. पण कुणी उचलून आत ठेवणं वेगळं आणि आपण चालत येणं वेगळं. मला आता चालत यायचंय.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला.  मग सावरून म्हणाले, “फार छान. चौथ्या आवृत्तीत नमुना म्हणून घालू.”

 बाई वही पिशवीत टाकून, येताना दूध आणा म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवशी मुलगी घरी आली होती. ती पोहायला शिकवायची, गळ्यात कायम शिट्टी. साहेबांनी तिला कौतुकाने सांगितलं की आईने आज नमुन्याची साक्ष अशी दिली, अशी दिली, की कुणाला खरीच वाटावी. मुलीने आईकडे बघितलं. आई मटार सोलत होती, तिने बोटाने नुसतं ‘गप्प’ अशी खूण केली. मुलीला चहाचा ठसका लागला. जरा वेळाने तिने बाबांना विचारलं, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला होता. साहेब म्हणाले, मागच्याच महिन्यात, अगदी उत्तम आहे.

सातव्या शनिवारी सराव. उमेदवारच नाही तर सराव कशाला, असं साहेबांचं म्हणणं पडलं. बाई स्टुलावर जाऊन बसल्या. तेव्हा झाला सराव. “पाठीचा हात जरा खाली घ्या,” एवढंच बाई म्हणाल्या. मग साहेब कोट चढवून, हौद भरायची गरज नाही हे सांगायला उपासनागृहात गेले. हौदाचं खातं एका डीकनकडे, म्हणजे मंडळीच्या एका सेवकाकडे होतं. धंद्याने तो नळवाला. साहेब पोचले तेव्हा फळ्या निघालेल्या होत्या, रबरी नळी हौदात सोडलेली होती आणि नळवाला कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घेत होता.

हे कुणासाठी, असं साहेबांनी विचारलं.

“बाईंसाठी,” नळवाला म्हणाला. “दोन महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलंय त्यांनी. पाणी कोमट ठेव म्हणाल्या, साहेबांच्या गुडघ्यांना गार सोसत नाही.”

साहेब मटकन खाली बसले, ते नेमके नळीवर. हौदात पडणारं पाणी थांबलं. नळवाल्याने बराच वेळ नळाशी खटपट केली. मग त्याला कारण दिसलं, पण साहेबांचा चेहरा बघून उठा म्हणायचं त्याला धाडस झालं नाही.

घरी आले तेव्हा बाई टेबलाशी बसून पांढऱ्या झग्याच्या काठाला शिशाचे तुकडे शिवत होत्या, पाण्यात झगा तरंगू नये म्हणून. हे काम त्यांनी आजवर तीनशे अठरांसाठी केलं होतं. साहेब समोर बसले.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“सात शनिवार काय करत होते मी?”

“त्याच्या आधी. एवढी वर्षं.”

बाईंनी दोरा दाताने तोडला. “तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते. जगाच्या पाळकाने जगाला शिकवलं, माझ्या दारात यायला त्याला वेळ नाही, असं वाटायचं कधीकधी.”

“मी कसा विचारणार? चौथा पाठ...”

“माहीत आहे. तीनदा टाइप केलाय मी तो.”

“मी थांबलो होतो,” साहेब म्हणाले, “तू सांगशील म्हणून.”

  मग बाई हसायला लागल्या. इस्राएल लोकांना रानातून बाहेर पडायला चाळीस वर्षं लागली, त्या मानाने आपण अकरा वर्षं लवकर पोचलो, असं म्हणून त्या जास्तच हसल्या. साहेबांनाही हसायचं होतं, पण त्यांना आधी रडू आलं.

रविवारी उपासनागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिलं गीत बाईंनी स्वतःच वाजवलं, मग ऑर्गनचं झाकण बंद केलं आणि झगा आवरत पायऱ्या उतरून हौदात गेल्या. साहेब आधीच आत होते. मासे पकडणारे घालतात तशी छातीपर्यंतची रबरी विजार त्यांनी झग्याआत चढवली होती. पहिल्या बाकावर मुलगी टॉवेल घेऊन बसली होती.

आता साहेबांनी फक्त ‘तुझा विश्वास आहे का’ हा प्रश्न विचारायचा होता. तीनशे अठरा वेळा विचारलेला. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मंडळी चुळबुळू लागली. बाई थोड्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो, विचारा ना.”

साहेबांनी विचारलं. बाईंनी ‘हो’ म्हटलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

मग साहेबांनी पाठीला हात दिला आणि त्यांना मागे झुकवलं. पाठीचा हात जरा खाली घ्यायला बाईंनी सांगितलं होतं, तो साहेबांनी जरा जास्तच खाली घेतला. विजारीच्या काठावरून पाणी आत शिरलं, दोन्ही पाय हंड्यासारखे भरले आणि बाईंच्या मागोमाग पाळकसाहेबही पाण्याखाली गेले. वर राहिला फक्त एक तरंगता रुमाल. मुलीने सवयीने शिट्टी फुंकली.

पण बाईंना यातलं सगळं पाठ होतं. त्या गुडघे वाकवून गेल्या तशाच वर आल्या, आणि येताना एक हात साहेबांच्या पाठीला, एक हात त्यांच्या हातावर, असं साहेबांनाही रीतसर वर घेऊन आल्या. साहेब नाकातोंडातून पाणी काढत ‘आमेन’ म्हणाले. मंडळी एवढी हसली की पुढचं गीत कुणालाच नीट गाता आलं नाही. चिटणीस मात्र काटेकोर माणूस. त्यांनी नोंदवहीत तीनशे एकोणिसावं नाव लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात टाकलं: ‘सोबत पाळक, दुसऱ्यांदा.’

त्याच आठवड्यात सभा भरली. साहेबांना निरोपाची भेट म्हणून ‘सात शनिवार’ची चौथी आवृत्ती मंडळीने छापावी, असा ठराव आला. सगळे हात वर झाले. विरोधात कुणी, असं चिटणीसांनी केवळ रीत म्हणून विचारलं. मागे किटलीशेजारून एक हात वर झाला.

“माझा बिनसाखरेचा,” चिटणीस म्हणाले.

“चहाचं नाही,” बाई म्हणाल्या. “मत आहे. विरोधात.”

सभा गार झाली. चौथा पाठ दुरुस्त केल्याशिवाय पुस्तक छापू नये, असं बाईंचं म्हणणं होतं, आणि कारण विचारलं तर त्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, जुनं पुस्तक उघडलं, ‘विचारूही नये’वर काट मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘पण एकदा तरी विचारावं.’ मग ते उठून स्वतः किटलीपर्यंत गेले आणि पान बाईंपुढे धरलं.

बाईंनी वाचलं. पेन्सिल मागून घेतली, शेवटी ‘लवकर’ एवढा एक शब्द जोडला, आणि मग ठरावाच्या बाजूने हात वर केला.