सटवाची थाप, तात्याबाची विहीर

चकलांब्यात एखाद्या पाहुण्यानं सटवाला वाट विचारली, की चार माणसं लांबूनच सांगतात, "पाव्हणं, त्याला नका विचारू, तुमाला पार पैठणला नेऊन सोडील." आणि सोडलंयही त्यानं. एकदा मुलगी बघायला आलेल्या मंडळींना त्यानं भलत्याच घरात नेऊन बसवलं. तिथल्या पोरीचं लग्न कधीच झालेलं. घरचे समजले, जावयाकडचं कोणी आलंय. पोहे झाले, चहा झाला, मग उलगडा झाला. तोवर हा गडी शेळ्या घेऊन माळावर पसार.

सटवा शेळ्यामेंढ्या राखतो. दिवसभर जनावरांशी बोलायचं आणि सांजच्याला माणसांना गंडवायचं, साठी आली तरी त्याचा हाच नेम. वाईट माणूस नव्हे हो. कोणाच्या बांधावर कधी गेला नाही, कोणाच्या चुलीत पाणी ओतलं नाही. पण खरं बोललं की त्याला जेवण गोड लागत नाही, त्याला कोण काय करणार?

त्याच्या साऱ्या थापांमध्ये मानाची थाप म्हणजे हंड्याची. तात्याबा त्याचा बालमित्र. तरणेपणी तात्याबाच्या वाट्याला माळाचं वावर आलं, नुसते धोंडे आणि एक वाळकं लिंबाचं झाड. सटवानं काय करावं? फुटक्या तांब्याच्या हंड्याचा गळा आणि निजामाच्या वेळचे चार ढब्बू पैसे त्या लिंबाखाली पुरले. मग तात्याबाला गाठलं. "तात्या, सपनात हिरव्या लुगड्याची बाई आली. म्हणली, लिंबाखाली हंडा हाय. गळ्याशप्पत." गळ्याची कातडी चिमटीत धरून त्यानं दोनदा शपथ घेतली. तात्याबानं टिकाव मारला, हंड्याचा गळा निघाला, आणि मग काय विचारता. अर्धं गाव टिकाव-फावडी घेऊन वावरात उतरलं. ज्याला स्वतःच्या परसात आळं करायचा कंटाळा, तोही घाम गाळायला लागला. सोनं निघालं नाही, पण खोल गेल्यावर पाणी लागलं. तात्याबानं विहीर बांधून काढली, मोसंबी लावली, घर वर आलं. तेव्हापासून एकही लग्न, एकही बारसं असं गेलं नाही, जिथं सटवानं ही गोष्ट सांगितली नाही. "तात्याला असा येड्यात काढला!" इथपासून सुरुवात. तात्याबा शेजारी बसून सुपारी कातरायचा, बोलायचा काही नाही.

पण देव काही आंधळा नाही. एका उन्हाळ्यात सटवाच्याच कडब्याच्या गंजीला आग लागली. सटवा गल्लीभर बोंबलत फिरला आणि लोक हॉटेलात चहा पीत हसत बसले. एक जण तर म्हणाला, "जरा मोठ्यानं बोंबल, मजा येऊ दे." गंजीची राख झाली. त्याची बायको कडूबाई तेव्हा त्याला म्हणाली, "आता मराल तवा बी लोक म्हणतील, नाटक करतोय. खांदा द्यायला कुणी येनार न्हाई." हे बोलणं सटवाच्या काळजात जे बसलं ते बसलं. वरून हसायचा, पण आपण एक गोष्ट सांगावी आणि ती कोणी तरी मुकाट्यानं खरी मानावी, एवढं एकदा तरी व्हावं, असं त्याला फार वाटायचं.

तात्याबाची पोरगी ऋतुजा पुण्याला शिकली आणि जुन्या वस्त्या उकरून बघायच्या शास्त्रात गेली. यंदाच्या हिवाळ्यात ती ओमानला एका उत्खननावर निघाली. तिथल्या मोठ्या मॅडम इटलीच्या. हौसेनं काम करायला येईल त्याला त्या घेत, जेवण आणि तंबू त्यांचा, जायचं-यायचं आपलं आपण. ऋतुजा बापाला म्हणाली, "आप्पा, एकदा या. मी काय काम करते ते डोळ्यानं बघा." तात्याबा एकटा जाईना. गेवराईत हायवेला गॅरेज असलेला इलियास हा या जुन्या दोस्तांतला तिसरा. त्याला आखाती देश बघायची लहानपणापासून हौस. आणि हे दोघं चालले म्हटल्यावर सटवा मागं राहतो की काय? मोसंबीला भाव बरा मिळाला होता, तात्याबानं तिघांचंही तिकीट काढलं. शेळ्या मेव्हण्याकडं गेल्या. कडूबाईनं ज्वारीच्या भाकरी थापून, कडक वाळवून, फडक्यात बांधून दिल्या. ती भाकरीचा काठ तीन बोटांनी दाबून बंद करते. तिच्या आईची पद्धत. तिची भाकरी काठावरच्या ठशांवरनं ओळखू येते.

विमानात सटवानं इलियासला सांगितलं, "उतरताना दारातल्या बाईला आपलं नाव मोठ्यानं सांगावं लागतंय, न्हाई तर सामान देत न्हाईत. गळ्याशप्पत." मस्कतला दार उघडल्याबरोबर इलियास छाती काढून म्हणाला, "इलियास शेख, गेवराई, हाजिर!" ती बाई गोड हसली. इलियास खाली उतरून सटवाच्या मागं चप्पल घेऊन धावला. तात्याबा मात्र आधीच नाव न सांगता उतरला होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

उत्खननाची जागा खजुरीच्या बागांपल्याड, उघड्या डोंगराच्या पायथ्याला. दोऱ्या ताणून जमिनीचे चौकोन केलेले, आणि एकेका चौकोनात एकेक माणूस खुरपं आणि ब्रश घेऊन बसलेला. सटवाला वाटलं होतं टिकाव असेल, फावडं असेल, धडाधड काम असेल. इथं तर माती अशी झाडायची, की बाळाच्या अंगावरची पावडर पुसतोय. खरवडलेली माती चाळायची, चाळून राहिलेले खडे बघायचे, माती ढिगावर टाकायची. इलियास चाळणीवर रमला. गॅरेजमध्ये नटबोल्ट शोधायची सवय कामाला आली.

"ह्या वेगानं तर आपली पोरं म्हातारी व्हतील," सटवा म्हणाला आणि त्याच्या अंगातला किडा वळवळला.

वाळवंटातल्या हवेनं कडूबाईची भाकरी खापरासारखी कडक झाली होती. सटवानं काठाकडचा एक तुकडा चहाच्या चुलीतल्या राखेत घोळला आणि दुपारच्या सुट्टीत इलियासच्या चौकोनात बोटभर मातीखाली दाबून ठेवला. सुट्टी संपल्यावर इलियासच्या ब्रशाला तो लागला. त्यानं हाक मारली. मॅडमच्या हाताखाली एक पोरगा आणि एक पोरगी शिकाऊ होती, ती धावत आली. पोरीनं गुडघे टेकले, तुकडा फुंकर मारून साफ केला, आणि काठावरचे तीन ठसे बघून तिचे डोळे भरून आले. चार हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बाईची बोटं! फोटो निघाले, पिशवी आली, चिठ्ठी आली. सटवा लांब उभा राहून पोट धरून हसू दाबत होता.

तेवढ्यात इलियासनं वास घेतला. मग कोपरा दातानं चावला. मग शांतपणे चावून गिळला. "ऋतुजा बेटा," तो म्हणाला, "हे मडकं न्हाई. ही कडूभाबीची भाकर हाय. थोडं मीठ कमी हाय."

हसू तर सगळ्यांना आलं, मॅडमनाही आलं. ऋतुजाला नाही आलं. ती सटवाला बाजूला घेऊन गेली. "सटवाकाका, एक खोटी वस्तू आत गेली ना, तर अख्ख्या खड्ड्यावरचा विश्वास जातो. मॅडमनी माझ्या शब्दावर तुमाला घेतलंय. परत असं झालं तर तुमी उद्याच्या विमानानं घरी, आणि मला पण कोणी काम देणार नाही." पोरगी रडकुंडीला आली होती. लहानपणी ही पोर सटवाच्या खांद्यावर बसून जत्रा हिंडली होती. सटवाला लाज वाटली, मनापासून वाटली. त्यानं शपथ घ्यायला हात वर केला आणि काय वाटलं कोण जाणे, तसाच खाली घेतला.

त्यानंतर सटवा कुत्रं अंगणात बसावं तसा गुमान आपल्या चौकोनात बसू लागला. आणि नशीब कसं असतं बघा. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याच्या खुरप्याला, चौकोनाच्या भिंतीला लागून काहीतरी टणक लागलं. उपटू नये, हाक मारावी, असं शिकवलेलं. पण सुटला तो तुकडा आपसूक हातात. खापराचा होता. आणि काठावर बोटांचे तीन ठसे.

सटवाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तुकडा इलियासला दाखवला. "बग, बोटं हायत."

इलियासनं चाळणी हलवता हलवता एक नजर टाकली. "परत? लई झालं बे. पोरीची नोकरी खातो का?" आणि त्यानं तो तुकडा सटवाच्या हातातून हिसकून ढिगावर भिरकावला. वरून चाळणीतली मातीही उलटी केली. शिकाऊ पोरं त्यांच्याकडं बघत होती, म्हणून आवाज दाबून म्हणाला, "मी कुणाला सांगत न्हाई. तू बी गप ऱ्हा."

सटवा तरी काय बोलणार? गंजी जळाली तेव्हा बोंबलून घसा फुटला होता, तरी कोण आलं होतं? काम संपलं, सगळे हातपाय धुवायला तंबूकडं गेले. हा एकटा मातीच्या ढिगापाशी जाऊन उकिडवा बसला आणि ओंजळीनं माती उपसायला लागला. डोळ्यात माती गेली म्हणावं तर तसंही नव्हतं.

पाठीमागून तात्याबा आला. त्याच्या काखेत चाळणी होती. तो समोर बसला, म्हणाला, "कोणत्या अंगाला पडलं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"इलियासनं. म्हणला, सटवानं परत भाकरी पुरली."

"मंग तू कावून आलास?"

तात्याबानं चाळणीत माती ओढली. "तू इलियासला सांगत व्हतास तवा मी पलीकडनं बगत व्हतो. शपत न्हाई घेतलीस. गळ्याला हात न्हाई लावलास. म्हंजी खरं हाय."

सटवाचे हात थांबले. एवढ्या आयुष्यात त्याचं बोलणं पहिल्यांदा कोणी तरी मुकाट्यानं खरं मानलं होतं. त्याला भरून आलं. मग हळूहळू, ते भरून आलेलं ओसरायच्या आतच, डोक्यात दुसरं काहीतरी शिरलं.

"तात्या, हे गळ्याचं तुला कधीपासनं ठावं हाय?"

"चौथीत व्हतो तवापासनं."

"मंग... हंड्याच्या टायमाला?"

"लावला व्हतास की. दोनदा." तात्याबानं खडे बाजूला सारले. "आरं, त्या वावरात विहीर पाडायला म्या कुणाकुणाच्या पाया पडलो नव्हतो? एक माणूस आला न्हाई. तू हंडा पुरलास तवा म्या म्हणलं, देवच पावला. तुझ्या हंड्याचा गळा वर काढला आणि चार माणसांच्या कानात घातलं, कुणाला सांगू नका म्हणून. सकाळच्याला अर्धं गाव हजर."

"आणि इतकी वर्सं मी मांडवामांडवात सांगत फिरलो, तात्याला येड्यात काढला म्हणून?"

"तुला लई हौस व्हती. मला पाणी मिळालं, तुला गोष्ट मिळाली. वाटणी बरूबर झाली."

सटवानं त्याला एक सणसणीत शिवी दिली, ती इथं लिहिता येत नाही. मग दोघंही इतके हसले की चाळणी कलंडली, आणि कलंडलेल्या मातीतच तो तुकडा दिसला.

दोघांनी तो ऋतुजाकडं नेला. तिनं तो जिभेच्या टोकाला लावून बघितला. भाकरी नव्हे, भाजलेली माती. तरी हा कुठून उचलून आणला असेल या शंकेनं तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. सटवानं तिला आपल्या चौकोनात नेलं, तुकडा सुटला होता ती भिंतीतली जागा दाखवली. आतमध्ये त्याच मडक्याचा उरलेला काठ रुतून बसला होता, अजून कोणाचा हात न लागलेला. ऋतुजानं तुकडा त्याला लावून बघितला. तो घट्ट बसला. सटवाकाकाच्या मातकट खांद्यावर तिनं डोकं टेकलं. इलियासनं आपल्या वाट्याचा खजूर सटवाच्या पुढ्यात ठेवला आणि माफी मागायची ती अशी मागितली.

गावी आल्यावर पहिलंच लग्न होतं तात्याबाच्या भावकीत. जेवणं झाली, पानसुपारी आली, लोक सटवाभोवती गोळा झाले. "हां सटवाबापू, हंड्याची होऊ दे."

सटवा उठून उभा राहिला. त्याचं ठरलं होतं. आता उरलेलं आयुष्य खरं बोलून बघायचं. त्यानं खरं ते सगळं सांगितलं. हंडा आपण पुरला, पण तात्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. येड्यात तात्याबा निघाला नव्हता, सारं गाव निघालं होतं, आणि सगळ्यात मोठा येडा आपण स्वतः. शपथ घेतली नाही, गळ्याला हात लावला नाही.

मांडवात असा हशा पिकला की वाजंत्रीवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. "काय थाप मारली राव! ही हंड्याच्या बी वरची!" लोक डोळे पुसत होते. कडूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

"आरं, तात्यालाच इचारा की," सटवा कळवळून म्हणाला.

साऱ्या माना तात्याबाकडं वळल्या. त्यानं अडकित्ता खाली ठेवला, घसा साफ केला. "न्हाई बाबा. मला कुठलं ठावं? भोळा माणूस मी, फसलो," तो म्हणाला, आणि गळ्याची कातडी चिमटीत धरून वर शपथही घेतली. त्याच्या हाताकडं त्या मांडवात एकट्या सटवाचंच लक्ष होतं.